डोंगरवाटेवरचा यात्रिक

हसत-खेळत केलेले प्रवासवर्णन श्रेष्ठ, की घाम गाळून लिहिलेली दुर्गगाथा? मराठी वाचकांत हा वाद अर्धशतकाहून अधिक काळ रंगतो आहे. तळेगाव दाभाडे येथे राहून सह्याद्रीचे कडेकपारे तुडवणाऱ्या गो. नी. दांडेकरांचे आयुष्य डोळ्यांपुढे ठेवले, तर या वादाचा रोखच बदलतो.

रविवारच्या पहाटे पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेल्या लोकलमध्ये दोन प्रकारची गर्दी असते. रात्रपाळी संपवून घराकडे निघालेले कामगार पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या स्थानकांवर चढतात आणि डोळे मिटून बसतात. त्यांच्या शेजारी पाठीवर पिशव्या, पायांत जाड तळव्यांचे बूट आणि चेहऱ्यावर सुटीचा उत्साह घेऊन तरुण-तरुणींची टोळकी उभी असतात. मळवलीला उतरून लोहगड-विसापूर, कामशेतला उतरून तुंग-तिकोना, लोणावळ्याहून राजमाची, असे त्यांचे बेत ठरलेले असतात. या दोन गर्दींमधून गाडी तळेगावला पोहोचते. खिडकीबाहेर आता इमारतींची दाटी दिसते. चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालमोटारींची रांग हलत नाही. पण याच गावात, ते अजून कोरड्या हवेचे, निवांत आणि झाडीने भरलेले होते तेव्हा, एक लेखक राहायला आला आणि येथूनच त्याने महाराष्ट्राला गडांची वाट दाखवली. गोपाळ नीलकंठ दांडेकर हे त्यांचे नाव. वाचक त्यांना गोनीदा म्हणत आणि जवळची माणसे आप्पा.

प्रवासाच्या पुस्तकांचा विषय निघाला, की मराठी वाचकांचे हमखास दोन पंथ पडतात. पहिल्या पंथाला पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' तोंडपाठ असतात. प्रवासवर्णनाने वाचकाला हसवत न्यावे, लेखकाने स्वतःची फजिती सांगावी आणि ज्ञानाचा भार हलक्या हाताने उतरवावा, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या पंथाच्या कपाटात 'दुर्गभ्रमणगाथा' असते. डोंगर ही विनोदाची जागा नव्हे, तेथे जायचे ते काही शोधायला, काही मागायला, अशी त्याची श्रद्धा. पहिल्याला दुसऱ्याचे लेखन जड आणि भाबडे वाटते. दुसऱ्याला पहिल्याचे लेखन आरामखुर्चीतले वाटते. वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक वाचक आहेत. मात्र दुसऱ्या पंथाने ज्यांना आपले दैवत मानले, ते गोनीदा या वादात खरोखर कोठे उभे होते, हे पाहण्यासाठी त्यांच्या चालण्याचा आरंभ शोधावा लागतो. तो सह्याद्रीत झालाच नाही.

परतवाड्याहून निघालेली वाट

८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे गोनीदांचा जन्म झाला. अमरावती जिल्ह्यातील हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डोंगर त्यांना पाळण्यातच भेटला, असे म्हणायला हरकत नाही. शाळेत मात्र त्यांचे मन फार काळ रमले नाही. सन १९३० च्या सुमारास महात्मा गांधींच्या हाकेने देश ढवळून निघाला होता. त्या हाकेने भारावून तेरा वर्षांचा हा मुलगा सातवीची इयत्ता आणि घर सोडून बाहेर पडला. त्यानंतर औपचारिक शिक्षणाकडे तो पुन्हा वळला नाही.

पुढची सुमारे दीड दशके म्हणजे एक अखंड भ्रमंती होती. या भटकंतीत त्यांना गाडगे महाराज भेटले. हाती झाडू घेऊन गावे स्वच्छ करणारा आणि रात्री कीर्तनातून अंधश्रद्धेवर कोरडे ओढणारा हा संत, हे गोनीदांचे खरे विद्यापीठ ठरले. महाराजांचा निरोप घेऊन ते गावोगाव फिरले. माणसाला जवळून पाहण्याची, त्याच्या बोलीचा कान घेण्याची आणि मिळेल ते अन्न प्रसाद म्हणून खाण्याची सवय त्यांना येथे लागली. गाडगे महाराजांच्या कीर्तनाचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ते श्रोत्यांना हसवत हसवत अंतर्मुख करीत. तळमळ आणि विनोद यांचे वैर असते, असे मानणाऱ्यांनी त्या कीर्तनांच्या आठवणी वाचाव्यात.

नंतर गोनीदांनी वेदान्ताचा आणि संतवाङ्मयाचा अभ्यास केला. औंधला पं. श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या सहवासात राहून त्यांच्या मासिकांच्या कामात ते गुंतले. काही काळ राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे काम केले. नर्मदेची परिक्रमा केली. हातात काठी, खांद्यावर झोळी, नदी उजव्या हाताला ठेवून चालत राहायचे आणि मिळेल त्या ओसरीवर रात्र काढायची, असा हा प्रवास. त्याला आरक्षण नव्हते, नकाशा नव्हता आणि परतीची तारीखही नव्हती. आजच्या भाषेत याला दीर्घ पल्ल्याची पदभ्रमंती म्हणता येईल. पण चालणारा तेव्हा स्वतःला गिर्यारोहक समजत नव्हता, याचकच समजत होता. दार ठोठावून भाकरी मागणाऱ्याला गावाकडे वरून पाहता येत नाही. त्याला गाव खालूनच दिसते. गोनीदांच्या पुढील सर्व लेखनाची दृष्टी या दारांपुढे उभे राहून घडली.

लेखणीचा निर्णय

देश स्वतंत्र झाला, त्या १९४७ साली गोनीदांनी लेखनावरच जगायचे ठरवले. मराठीत केवळ लेखणीवर संसार चालवणे आजही अवघड, तेव्हा तर ते धाडसच होते. पदवी नाही, नोकरी नाही, पाठीशी संस्था नाही. गाठीला होते ते पायांखालून गेलेले हजारो मैल आणि कानांत साठलेल्या बोली. पत्नी नीराताईंच्या साथीने त्यांनी तळेगाव दाभाडे येथे संसार मांडला.

लेखकाला या गावाहून चांगली जागा मिळणे कठीण होते. सरसेनापती दाभाड्यांचे हे गाव मावळाच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यात जवळच देहू, पुढे आळंदी. तुकोबांच्या चिंतनाने पुनीत झालेला भंडारा डोंगर हाकेच्या अंतरावर, तर भामचंद्राचा डोंगर चाकणच्या बाजूला. त्या चाकणला संग्रामदुर्ग. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्यांनी सुमारे दोन महिने तेथे झुंजवत ठेवले होते. पश्चिमेला वळले, की लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग, राजमाची अशी दुर्गांची माळ. इतिहास, संतवाणी आणि डोंगर ही गोनीदांची तिन्ही दैवते एका दिवसाच्या चालीत भेटत होती. ज्ञानेश्वरांवरची 'मोगरा फुलला' आणि तुकोबांवरची 'तुका आकाशाएवढा' या कादंबऱ्यांच्या लेखकाचे घर इंद्रायणीच्या खोऱ्यात असावे, यात आश्चर्य नाही.

१९५० चे दशक हा त्यांच्या प्रतिभेचा ऐन बहर होता. १९५३ मध्ये कोकणाच्या खाडीकाठची 'शितू' आली. १९५५ मध्ये 'पडघवली' आणि 'पवनाकाठचा धोंडी', १९५७ मध्ये नर्मदा परिक्रमेच्या अनुभवावर उभी राहिलेली 'कुणा एकाची भ्रमणगाथा', तर १९५८ मध्ये 'माचीवरला बुधा'. यातली प्रत्येक कादंबरी एका विशिष्ट भूमीच्या तुकड्यातून उगवली आहे. तेथील वारा, पीक, रानफुले, शिव्या, म्हणी यांच्यासकट ती उभी राहते. या लेखकाने अभ्यासिकेत बसून प्रदेश रचला नाही. त्याने आधी तो पायांनी मोजला.

पुढे शिवकालावरच्या कादंबऱ्यांची माला, 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' यांसारखी किल्ल्यांची पुस्तके, कॅमेऱ्याने टिपलेली दुर्गचित्रे असा हा व्याप वाढत गेला. किल्ल्यांवर त्यांचे जाणे एकदा पाहून येण्यासारखे नसे. तोच गड पावसात पाहायचा, उन्हात पाहायचा, चांदण्यात पाहायचा. राजगडावर तर त्यांचा विशेष जीव होता. तरुणांना बरोबर घेऊन ते निघत. बुरूज दाखवताना तेथे घडलेली कहाणी अशा वाणीने सांगत, की ऐकणाऱ्यांना दगड बोलू लागल्याचा भास होई. उतारवयातही ही ओढ कमी झाली नाही.

वाचकांचे दोन पंथ

गोनीदांचे नाव असे दुमदुमत असतानाच मराठी प्रवासवर्णनात एक वेगळे वारे आले. १९६० मध्ये पुलंची 'अपूर्वाई' पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि १९६३ मध्ये 'पूर्वरंग'. तोवर परदेश प्रवासाच्या पुस्तकांत माहितीचा आणि कौतुकाचा सूर ठळक असे. पुलंनी विमानात बावरलेला, जेवणाच्या टेबलावर गोंधळलेला आणि तरीही डोळे उघडे ठेवून हिंडणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस पुस्तकाच्या मध्यभागी आणून बसवला. परदेश प्रवास ज्यांच्या स्वप्नातही नव्हता, त्या कारकुनाला, शिक्षकाला, गिरणी-कारखान्यातल्या कामगाराला या पुस्तकांनी घरबसल्या लंडन-पॅरिस दाखवले. हे उपकार लहान नाहीत.

आक्षेप मात्र तेव्हाही होते आणि आजही आहेत. विनोदी प्रवासवर्णनात देश मागे राहतो आणि लेखक पुढे येतो, असे काही वाचकांना वाटते. खाणे, भाषेची गंमत, विसरलेली छत्री आणि चुकलेली गाडी यांतच पाने संपतात. तेथली माणसे विनोदाला खाद्य पुरवण्यापुरती येतात, अशी तक्रार ऐकू येते. पुलंच्या बाबतीत ती पूर्णपणे खरी नाही. त्यांच्या हशाखाली संगीताची, रंगभूमीची, साध्या माणसांची गाढ ओढ आहे. पण त्यांचे अनुकरण करणाऱ्या अनेकांच्या लेखनात हशा उरला आणि ओढ आटली, हे मान्य करावे लागते.

गोनीदांच्या वाट्यालाही टीका कमी आली नाही. त्यांची भाषा कित्येकांना फार अलंकृत, आर्ष वळणाची वाटते. गडावर पाऊल टाकताच गहिवरून येणारा हा लेखक वाचकाला स्वतंत्रपणे पाहण्याची मोकळीक देत नाही, असे काही म्हणतात. दंतकथा आणि इतिहास यांच्यातली सीमारेषा त्यांच्याकडे पुसट होते, हा इतिहासाच्या काटेकोर अभ्यासकांचा आक्षेप. जुन्या ग्रामव्यवस्थेचे त्यांना वाटणारे ममत्व तर अनेक वाचकांना खटकते. 'पडघवली'त मोडत चाललेल्या गावाबद्दलची हळहळ वाचताना, त्या जुन्या गावात सर्वांनाच सुख होते काय, हा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात उभा राहतो आणि तो रास्त आहे. शिवाय गडावर जाणाऱ्याला वाट कोठे वळते, पाणी कोठे मिळते, वस्ती कोठे करता येते हेही हवे असते. ती गरज पुढे प्र. के. घाणेकर, आनंद पाळंदे यांच्यासारख्यांच्या पुस्तकांनी भागवली. आज कित्येक तरुण ती पुस्तके पिशवीत ठेवतात आणि गोनीदांना घरच्या कपाटात.

हा झगडा केवळ मराठीतला नाही. गोनीदा गेले त्याच १९९८ साली बिल ब्रायसन या लेखकाचे 'अ वॉक इन द वुड्स' हे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीच्या अ‍ॅपलाचियन वाटेवर एका स्थूल मित्राला घेऊन निघालेल्या, वाढत्या वयाच्या माणसाची ही फजिती. सामान्य वाचकांनी ते डोक्यावर घेतले. अट्टल पदयात्रींपैकी अनेकांनी मात्र नाके मुरडली. लेखकाने निम्मीदेखील वाट चालून पूर्ण केली नाही, मग त्याने पुस्तक लिहावेच का, असा त्यांचा सवाल होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ज्यांनी आयुष्यात टेकडीही चढली नसती, ते या पुस्तकामुळे रानात गेले. साता समुद्रांपलीकडची ही तक्रार आणि आपल्याकडची तक्रार यांत फरक आढळत नाही. हसणाऱ्यावर आरोप असतो, तो जागेचा मान न राखल्याचा. गहिवरणाऱ्यावर आरोप असतो, तो जागेपुढे आंधळा झाल्याचा.

गडाखालची माणसे

या दोन्ही आरोपांना गोनीदांचे उत्तर शोधायचे, तर ते किल्ल्यांवरच्या पुस्तकांत सापडत नाही. ते त्यांच्या कादंबऱ्यांत आहे आणि गिरिभ्रमण करणारा वाचक बहुधा तेथपर्यंत पोहोचत नाही.

'पवनाकाठचा धोंडी' ही कथा पवना नदीच्या खोऱ्यातली, तुंग किल्ल्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या घराण्याची. कठीणगड असेही या किल्ल्याचे नाव. शंकूसारखा वर निमुळता होत गेलेला त्याचा माथा दुरूनही ओळखू येतो. धोंडीच्या घराण्याकडे या गडाची वंशपरंपरेने आलेली हवालदारी आहे. राज्य गेले, फौज गेली, पगार गेला, तरी ते हवालदारपण या माणसाच्या अंगातून गेलेले नाही. गडाचा मान म्हणजे आपला मान, हे मानून तो दारिद्र्यात ताठ उभा राहतो. त्या ताठपणाची किंमत त्याला आणि घरच्यांना मोजावी लागते. गोनीदांनी हा माणूस भक्तिभावाने रंगवला, पण त्याचा हट्ट आणि त्यातून येणारी घरातली ओढाताण लपवली नाही. १९६६ मध्ये या कथेवर चित्रपटही निघाला.

'माचीवरला बुधा' हा तर एकट्या म्हाताऱ्याचा आणि राजमाचीचा संवाद. मुंबईत उमेद घालवून हा वृद्ध आपल्या डोंगरावर परत येतो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्या संगतीत राहू लागतो. श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले पाहायला आज शेकडो पर्यटक जातात, त्याच माचीवर तो राहतो. पर्यटकाच्या दृष्टीला जी माची मुक्कामाची जागा वाटते, ती बुधाचे घर आहे. १९६५ मध्ये आलेल्या 'जैत रे जैत'मध्ये गोनीदा ठाकर समाजात शिरले. लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी, राणीमाशी आणि तिच्याशी वैर मांडणारा नाग्या यांची ही कथा. १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट केला. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांचा अभिनय, ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी ती घराघरांत पोहोचली. ठाकरांच्या जगण्यातला खट्याळपणा, चेष्टा, नाच आणि दुःख यांची सरमिसळ त्या कथेत आहे. गोनीदांना हसू वर्ज्य होते, असा समज असणाऱ्यांनी ही कादंबरी उघडावी.

या तिन्ही कथांचा धागा एकच आहे. गोनीदा गड पाहायला गेले आणि गडाखालच्या माणसाच्या ओसरीवर बसले. भाकरी मागत फिरलेल्या तरुणाला दाराआडचे माणूस दिसते, ते असे. विनोद करावा की हात जोडावेत, ही निवड त्यांच्या दृष्टीने दुय्यम होती. ज्याच्या दारात आपण उभे आहोत, त्याचे नाव आपल्याला माहीत आहे काय, हा पहिला प्रश्न होता. या कसोटीवर चांगला विनोदी लेखक आणि चांगला भाविक लेखक एकाच बाजूला येतात. पुलंच्या प्रवासात भेटणारी माणसे लक्षात राहतात आणि गोनीदांचा धोंडीही. निसटतात ती पुस्तके, ज्यांत लेखकाशिवाय कोणी राहतच नाही.

पवनेचे पाणी

हा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला तर टाळताच येणार नाही. 'पवनाकाठचा धोंडी' प्रसिद्ध झाली, त्या सुमारास पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना नुकताच उभा राहिला होता. १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत आली. मोटारी, दुचाक्या, यंत्रे यांचे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. विस्तारणाऱ्या नगरीला पाणी हवे होते. पवनेवर धरण बांधले गेले आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी खोऱ्यात पाणी साठू लागले. तुंग आणि तिकोना यांच्यामधल्या ज्या दरीत धोंडीची कथा घडते, तेथील शेते आणि वस्त्या जलाशयाखाली गेल्या. तेथून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि शुद्ध होऊन शहराच्या नळांना पोहोचते. आज चिंचवडमधल्या घरात सकाळी चहाचे आधण ठेवले जाते, ते धोंडीच्या खोऱ्यातून आलेल्या पाण्याचे असते.

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या रेंगाळत राहिला. धरणातून थेट शहरापर्यंत बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या पोलीस गोळीबारात तीन आंदोलकांचा बळी गेला. शहराची तहान खोटी नव्हती आणि खोऱ्याची भीतीही खोटी नव्हती.

गोनीदांनी कादंबरी लिहिली, तेव्हा यातले काहीच घडलेले नव्हते. त्यांना द्रष्टेपण चिकटवण्याचे कारण नाही. पण बुडण्याआधीचे ते खोरे, तेथली बोली आणि तेथल्या माणसाचा मान त्यांच्या कादंबरीमुळे कागदावर उरला. जलाशयाच्या काठी तंबू ठोकून रात्र घालवणाऱ्या, तुंगच्या माथ्यावरून पाण्याचे छायाचित्र टिपणाऱ्या तरुणाने ती वाचली, तर त्याला चित्रातल्या निळ्या पाण्याखाली एक गाव दिसू लागेल. प्रवासाच्या पुस्तकाने याहून अधिक काय करावे?

उत्तरायुष्य

आयुष्याच्या उत्तरार्धात गोनीदांना मानसन्मान मिळाले. 'स्मरणगाथा' या आत्मकथनाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. घर सोडून निघालेल्या मुलाची ती कहाणी वाचताना जाणवते, की लेखकाने स्वतःची फजिती, भूक आणि भाबडेपणा यांतले काही झाकलेले नाही. १९७७ मध्ये गाडगे महाराजांच्या जीवनावर 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट आला. त्यातील लेखनाच्या रूपाने तरुणपणीच्या गुरूचे ऋण फेडण्याची संधी त्यांना मिळाली. १९८१ मध्ये अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. सातवीतून शाळा सोडलेला विदर्भाचा पुत्र विदर्भातच त्या आसनावर बसला, हा योग सुखद होता.

कन्या वीणा देव आणि जामात विजय देव यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांची अभिवाचने गावोगाव केली. नात मृणाल कुलकर्णी त्यांत सामील झाल्या. बोलींनी घडलेल्या या कादंबऱ्या मुळात कानांसाठीच होत्या. मोठ्याने वाचल्यावर त्यांतला जडपणा गळून पडे आणि बोलणारी माणसे पुढे येत. गोनीदांची भाषा अवघड वाटणाऱ्या कित्येकांनी या अभिवाचनांनंतर आपले मत बदलले. वीणाताईंचे २०२४ मध्ये निधन झाले आणि गोनीदांच्या वाणीचा एक जिवंत दुवा निखळला.

१ जून १९९८ रोजी पुण्यात गोनीदांनी जगाचा निरोप घेतला. पावसाळा तोंडावर आला होता आणि त्यांच्या लाडक्या गडांवर पहिले ढग उतरायला लागायचे ते दिवस होते.

जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड यांच्यासह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गोनीदांना याचा आनंद झाला असता, यात शंका नाही. पण या सन्मानाबरोबर गर्दी वाढणार, वाहनतळ येणार, उपाहारगृहे उभी राहणार. गडांची काळजी घेतली जावी म्हणून आपण सारे आग्रही असू. गडाखालच्या वस्तीची काळजी कोण घेणार, हा प्रश्न यादीत बसत नाही. तुंग त्या यादीत नाही. त्याच्या पायथ्याची माणसे कोणत्याच यादीत नाहीत.

वाचकांचे दोन पंथ यापुढेही राहतील आणि राहावेत. ज्याला 'अपूर्वाई' वाचून निघावेसे वाटते, त्याने ती वाचून निघावे. ज्याला 'दुर्गभ्रमणगाथा' हाताशी धरून चढायचे आहे, त्याने तसे चढावे. गडावर हसायला बंदी नाही आणि डोळे भरून आले तर लाजायचे कारण नाही. फक्त उतरताना पायथ्याच्या पहिल्या घराशी थांबावे, पाणी मागावे आणि घरधन्याचे नाव विचारावे. परतवाड्याहून निघालेला तो मुलगा आयुष्यभर हेच करीत आला आणि त्यातूनच त्याला त्याचा धोंडी भेटला.